पंडुमाआधीची कैरी

रंजीता उसेंडीचं निम्म्याहून अधिक आयुष्य वसतिगृहांत गेलं. सहाव्या वर्षी बापाने, पोचूने, तिला धानोऱ्याकडच्या आश्रमशाळेत सोडलं. तेव्हापासून पोरगी एक गोष्ट पक्की शिकली, ताटात पडेल ते खायचं आणि तोंड उघडायचं नाही. आता ती चंद्रपूरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

हा नेम तिने एकदाच मोडला होता. पहिल्या वर्षी मेसमध्ये नव्या वालाच्या शेंगांची भाजी आली, तर ही म्हणाली, "आमच्या गावचा पंडुम झाला नाई अजून." नवं पीक, नवं फळ आधी पेनाला, म्हणजे देवाला, दाखवायचं आणि मग खायचं, एवढीच साधी रीत. पण गडचांदूरच्या नीलिमाने तिथल्या तिथे तिचं नाव 'परमिशन' ठेवलं. "परमिशन, मी पाणी पिऊ का वं?" वर्षभर हेच चाललं. रंजीताने मग पंडुमाचं नाव काढलं नाही.

यंदा तिच्या खोलीत टांझानियाची नीमा आली. हिंदी मोडकीतोडकी. आईचा फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून रडायची. रंजीताला तिचा फार लळा लागला. न चिडवणारी ही पहिलीच खोलीतली मैत्रीण. चैत्रात नीमाने बाजारातून कैऱ्या आणल्या, उभ्या फोडी केल्या, तिखट-मीठ लावलं. "हमारे घर में भी ऐसे ही खाते हैं," म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. एक फोड तिने रंजीतापुढे धरली.

गावचा मरका पंडुम, आंब्याचा सण, अजून बारा दिवसांवर होता. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि दारातच नीलिमा उभी. रंजीताने फोड खाल्ली. वर ती चांगली लागली, याची लाज वेगळीच.

सुटीत घरी कशाला जातेस, असं नीमाने विचारलं तेव्हा तिने 'आंब्याचा सण आहे' एवढंच सांगितलं. नीमा हौसेने सोबत निघाली.

पोचू गावचा गायता, पेनाची पूजा करणारा. पेनाच्या झाडाखाली गाव जमलं. पूजा झाली आणि पळसाच्या पानांवर फोडी घेऊन पोचू रांगेतून निघाला. फोड हातावर ठेवण्याआधी तो प्रत्येकाला एकच विचारायचा.

"आंधी खाल्लं तं नाई ना?"

लेकीला त्याने विचारायचं म्हणून विचारलं. शहरात राहूनही माझी पोरगी बिघडली नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवत असे. 'खाल्लं' हे रंजीताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बापाचा चेहरा पाहिला आणि तिचं अवसानच गळालं.

"नाई, बाबा."

फोड तिच्या हातावर आली. मग नीमाची पाळी. सोमारीआत्याने तिला आपल्या हिंदीत समजावलं, "पूजा के पहले आम नहीं खाने का. तू खाई क्या?"

नीमाचा चेहरा उतरला. तिने रंजीताकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोडीकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात मागे घेतले.

"मैंने खाया. हॉस्टेल में. मालूम नहीं था."

रंजीताचं नाव तिने घेतलं नाही. कोणी रागावलंही नाही. पोचूने एक अंडं मागवलं, पेनापुढे ठेवलं, काही पुटपुटला, नीमाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं आणि फोड तिला दिली. "झालं. खाय आता, माय."

"परक्या मुलखाची पोरगी, पन खरं बोलली," आत्या कौतुकाने म्हणाली.

एवढंच होतं! एक अंडं आणि ओंजळभर पाणी. बाबा, माह्यावरबी शिंपडा, असं ओरडावंसं रंजीताला वाटलं. पण खाल्ल्याचं अंड्यावर भागलं असतं, पेनासमोर खोटं बोलल्याचं काय? तेही गायत्याच्या लेकीने, भर गावात? आता कुठूनच मागे फिरता येत नव्हतं. नीमा खालमानेने खात होती, तिच्याकडे बघत नव्हती.

रांगेच्या टोकाशी पोचेस्तोवर पोचूने एकदा वळून पाहिलं, लेक खातेय ना म्हणून. रंजीताने फोड तोंडात घातली.