कोरड्या धारेवरचा तळ

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. मी तो कधी पाहिलेला नाही. तरी सप्टेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात तो पहाटे कुठे चरतो, ऊन चढलं की कुठल्या झाडीत बसतो आणि संध्याकाळी कुठल्या वाटेने पाण्यावर उतरतो, हे सगळं मला २०१६ साली ओमानमधल्या सोहारच्या कंपनी फ्लॅटमध्ये बसल्या बसल्या पाठ झालं होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, आणि बसलेलोही उंटांच्याच देशात.

शिकारीचं वेड मुलाचं. आमच्याकडे अंडं उकडायलासुद्धा वेगळं भांडं होतं. हा मुलगा इथल्या भारतीय शाळेत शिकला, अमेरिकेत नोकरीला लागला आणि तिथे धनुष्यबाण घेऊन बसला. "बंदूक नाही बाबा, बो. त्यात ॲनिमलला पण चान्स असतो," असं त्याने मला समजावलं. वाटाड्या घ्यायचा नाही, पैसे देऊन कुणाच्या खासगी रानात जायचं नाही. लायसन काढलेला कोणीही जाऊ शकतो अशा सरकारी जंगलात, सगळं आपलं आपण करायचं. मला जनावर मारणं पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण त्याने पुढे विचारलं, "बाबा, तुम्ही प्लॅनिंगमध्ये आहात ना? हेल्प कराल? आणि तुम्ही पण या. कॅम्प सांभाळायला कोणीतरी पाहिजे." कॉलेजला गेल्यापासून त्याने मला 'या' म्हटलं नव्हतं. तत्त्वं मी त्या दिवशी गुंडाळून कपाटात ठेवली.

माझं काम असं होतं. पोलादाचा कारखाना दोन-तीन वर्षांनी काही दिवस पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करतात. त्या शटडाऊनचा प्लॅन मी करायचो. कुठला नट कोणी कधी खोलायचा, क्रेन किती वाजता कुठे उभी राहायची, सगळं कागदावर. बायको दोन वर्षांपासून पुण्यात होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या म्हणून. फ्लॅटमध्ये मी एकटाच. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दुपारची नमाज सुटली की रस्ता इतका सुना पडायचा, की शेजारच्या कॉफी शॉपमधल्या फ्रीजची घरघर ऐकू यायची.

त्याआधी मुलाचा फोन म्हणजे तीन मिनिटांचा कार्यक्रम. हवा, तब्येत, आईशी बोललास का, ठेवू मग. ओमानमध्ये तेव्हा इंटरनेटवरचे कॉल बंद होते आणि इथून साधा फोन महाग पडायचा, त्यामुळे त्यालाच तिकडून लावावा लागायचा, आणि तो कामाशिवाय लावायचा नाही. एल्कने हे बदललं. शुक्रवारी सकाळी आठला, म्हणजे त्याच्या गुरुवारी रात्री दहाला, फोन वाजायचा आणि तास तास चालायचा. मी उपग्रहाचे नकाशे उघडून बसायचो. सरकारी हद्द कुठे संपते, कुणाचं कुंपण कुठे लागतं, झरा सप्टेंबरातही वाहतो का. सकाळी ऊन तापलं की वारा चढावर जातो आणि संध्याकाळी खाली उतरतो, माणसाचा वास लागला की जनावर पसार. म्हणून तळ कुठे टाकायचा यावर आम्ही चार शुक्रवार भांडलो. शेवटी पाण्यापासून थोडी दूर, वाऱ्याच्या आडोशाला एक जागा ठरली. जनावर पडलं तर तेवढं मांस दोघांनी पाठीवर घेऊन गाडीपर्यंत किती फेऱ्यांत न्यायचं, याचाही मी तक्ता केला. मी, ज्याने उभ्या आयुष्यात मटणाच्या दुकानात पाऊल टाकलं नाही.

तिकडची उंची दहा हजार फुटांची, म्हणून तयारी हवी. मी ओमानच्या सगळ्यात उंच डोंगराला, जेबेल शम्सला, गाडी घेऊन जायचो आणि सॅकमध्ये वीस किलोची तांदळाची गोणी टाकून चढायचो. एकदा बकऱ्यांमागे बसलेल्या म्हाताऱ्या ओमानीने थांबवलं.

"इसमें क्या है?" त्याने आखाती हिंदीत विचारलं.

"चावल."

"ऊपर कौन है?"

"कोई नहीं."

त्याने मला खाली बसवलं आणि कावा, म्हणजे त्यांची कोरी कॉफी, आणि खजूर दिला. बहुतेक त्याला माझी कीव आली असावी. मला मात्र राग आला होता, कारण वर खरंच कोणी नव्हतं.

जुलैत मी प्लॅन फ्रीज केला. आमच्या धंद्यात काम सुरू व्हायच्या सहा-सात आठवडे आधी प्लॅन गोठवतात, त्यानंतर कोणी त्याला हात लावायचा नाही. मी सवयीने तेच केलं. रिव्हिजन सहा, बावीस पानं, मुलाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "परफेक्ट बाबा. नथिंग लेफ्ट टू डिस्कस." मी दिवसभर खूश होतो. पुढच्या शुक्रवारी आठ वाजले, नऊ वाजले. फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. बोलायचं काही उरलंच नव्हतं. ते मीच संपवलं होतं, तेही मुदतीच्या आत. मी फोन लावला असता तर? लावला असता, पण काय विचारणार होतो? हवा?

तिसऱ्या शुक्रवारी मी नोकरीच्या तीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. प्लॅन उघडला, तळ तिथून उचलला आणि समोरच्या डोंगराच्या कोरड्या धारेवर नेऊन ठेवला. तिथे दोन मैलांत पाणी नव्हतं, आणि संध्याकाळचा वारा तिथून थेट एल्क बसतात त्या झाडीत उतरत होता. शिकाऊ पोरालाही दिसेल अशी चूक. वर लिहिलं, रिव्हिजन सात. पाठवून दिलं आणि चहा करून फोनजवळ बसलो. मला वाटलं होतं, तो भांडेल. मी थोडं ताणून धरेन, मग हार मानेन. एक तास तरी जाईल.

फोन शनिवारी सकाळी आला. आवाजात भांडण नव्हतं.

"बाबा, तिथे वॉटर नाही. तुम्हीच मला दाखवलं होतं."

"असं? बघतो."

"बाबा, तुम्ही ओके आहात ना? डोकं वगैरे दुखतं का? ऑफिसमध्ये काही विसरलात का?"

मी हसलो. त्याला ते हसणंही बरोबर वाटलं नसावं. तासाभराने पुण्याहून बायकोचा फोन आला. "अहो, तो घाबरलाय. आजच्या आज डॉक्टरला दाखवा. तुमच्या आईचंही असंच सुरू झालं होतं." माझी आई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती. गॅस बंद केला की नाही, इथून तिची विसरायला सुरुवात झाली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून मी बायकोला उडवून लावलं. ती हसली नाही.

रविवारी ऑफिसातून आलो तेव्हा मुलाचा पुन्हा फोन. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे सहा वाजले असतील. त्याने आधीच सगळं ठरवलं होतं. एवढ्या उंचीवर, रस्त्यापासून सात मैल आत, मोबाईलला रेंज नाही, अशा ठिकाणी तो मला नेणार नव्हता. ऑफिसातला एक मित्र त्याच्याबरोबर जाईल. "प्लॅन तुमचाच वापरणार, बाबा. रिव्हिजन सिक्स."

मग मात्र मी सांगून टाकलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. "ती चूक मी मुद्दाम केली होती. तुझा फोन येत नव्हता. तू चूक काढायला तरी फोन करशील, असं वाटलं. मला काहीही झालेलं नाही. मला यायचंय."

मग तो बोलला, आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. प्रत्येक शब्द सुटा, सावकाश, मला नीट कळेल असा.

"बरं, बाबा. तुम्ही म्हणता तसंच असेल. आता थोडं पडा तुम्ही."

हे मी ओळखत होतो. आईशी शेवटची चार वर्षं मी असाच बोलत होतो. ती जे सांगायची, त्यातलं एक अक्षरही मी खरं मानत नव्हतो.