निळ्या काठाची चिंधी

सासूबाई पौषात गेल्या आणि दहाव्या दिवशी मी त्यांचं एक काम मोडून ठेवलं. काय मोडलं ते कळायला मला वैशाख उजाडला.

माझं माहेर लोणावळ्याचं. तांदूळ संपला की पिशवी घेऊन दुकानात जायचं, एवढीच माझी शेती. लग्न होऊन बेडशाकडे आले तेव्हा या घरात मीठ, साखर आणि चहापावडर सोडली तर दुकानातून फारसं काही येतच नव्हतं. मसाला घरचा, पापड घरचे, तूप घरचं. मला वाटायचं, काय हा नसता उपद्व्याप! एकदा सासूबाईंना म्हणालेसुद्धा, "आत्या, विकत आणू या की पापड." त्या म्हणाल्या, "आण की. पन मग दिसभर करशील काय? मोबाइलच बगशील." मी चिडले आणि पापड लाटत बसले. लाटता लाटता कधी ते आवडायला लागलं, मला सांगता येणार नाही.

विकायला आम्ही इंद्रायणी लावायचो. घरात खायला मात्र ओढ्याकाठच्या तुकड्यात आंबेमोहोर. उतारा कमी, वाऱ्यानं लोळतो, नवरा दर वर्षी म्हणायचा बंद करा. पण सासऱ्यांना, म्हणजे आबांना, तोच भात लागायचा. त्याचं बी सासूबाई स्वतः राखायच्या. चांगल्या लोंब्या निवडून, झोडून, उन्हात वाळवून, कीड लागू नये म्हणून निरगुडीचा पाला घालून लहान पोत्यात भरायच्या. बाकीच्या पोत्यांची तोंडं सुतळीनं बांधलेली असायची. बियाण्याचं तेवढं त्यांच्या जुन्या पातळाच्या चिंधीनं. चिंधी दिसली की त्या पोत्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी तर आंबेमोहोर एवढा लोळला की बियाण्याच्या त्या एका पोत्यापुरताच हाती लागला.

त्या गेल्या तेही सकाळचं दूध काढून झाल्यावर. पायरीवर बसल्या आणि गेल्या. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, सून खंबीर आहे हो. कसली खंबीर! आत काही हलतच नव्हतं. कुणी सांगितलं की उठायचं, कुणी सांगितलं की बसायचं. दहाव्याला शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तिचं कापड घरात ठिवू नगं बाय. समदं काडून टाक." मी काढायला लागले. पेटीतली पातळं काढली, दांडीवरचं काढलं, गरम भांडी धरायची फडकीसुद्धा काढली, कारण तीही त्यांच्याच लुगड्याची. मग कोठीत गेले. लहान पोत्याच्या तोंडाशी निळ्या काठाची चिंधी होती. तीही सोडली. धान्य सांडू नये म्हणून पोतं सुतळीनं बांधलं आणि गाठ चांगली घट्ट मारली.

तेराव्याचं भात भरडून आणायचं होतं. नवऱ्यानं कोठीच्या दारातून विचारलं, "कुठली पोती नेऊ गिरणीत?"

"सुतळीची सगळी," मी म्हणाले. दर वर्षी हेच उत्तर असायचं.

तेराव्याला वाढायला मीच होते. आमच्याकडे आंबेमोहोर शिजला की रस्त्यावरच्या माणसाला कळतं. त्या दिवशी एका पातेल्यात तो शिजला होता, झाकण मी माझ्या हातानं उघडलं, आणि मला वास आला नाही. नाक मेलं होतं, जीभही मेली होती. त्यानंतर कित्येक दिवस आमटीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. नवरा मुकाट्यानं ताक ओतून घ्यायचा. आबा अळणी आमटी भुरकून म्हणायचे, "झ्याक."

तेवढं 'झ्याक' सोडलं तर आबा बोलायचे बंद झाले होते. शिमगा झाला आणि एका सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "बी काडून ठिवलंय न्हवं?"

"हो आबा," मी म्हणाले. बघायला मात्र गेले नाही. मग ते रोजच विचारायला लागले आणि मी रोजच हो म्हणायला लागले.

वैशाखात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर शेण-पालापाचोळा पसरून जाळायचा. आबांनी ते काम काढलं तेव्हा मी बी बघायला कोठीत गेले. पोतं नव्हतं. कोपऱ्यात निरगुडीची वाळलेली चार पानं पडली होती. ती बघितली आणि चिंधी, सुतळी, गिरणी, सगळं एकदम कळलं. मी जमिनीवर बसले. आता तरी रडू येईल म्हणून वाट पाहिली. नाही आलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, बाजारात मिळतो की आंबेमोहोर."

"मिळतो. पण हा आत्यांचा होता. आबांना तू सांग."

"मी? मला ड्युटीला उशीर होतोय," म्हणत त्यानं गाडीला किक मारली. ही या घरातल्या पुरुषांची हिंमत. पण माझी तरी कुठं मोठी होती? पुढचे चार दिवस मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले. हो आबा, हो आबा. पाचव्या दिवशी मी चहा तसाच ठेवला. मी वाफ्यापाशी गेले. ते राख सारखी करत होते.

"आबा, बी नाही. चिंधी मीच सोडली. तेराव्याला भरडलं गेलं सगळं."

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तेराव्यापासनं. पानात वास आला न्हवं का. तिच्याच तेराव्याला तिचंच बी. पोटभर खाल्लं म्या."

मला रागच आला. पौषापासून मी मेल्यासारखी वावरतेय आणि हे सगळं माहीत असून रोज विचारतात! "मग विचारत कशाला होता?"

आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चाळीस वर्सं तिला हेच इचारत आलो. शिमगा झाला की रोज, च्या घेताना. ती व्हय म्हनायची. सकाळच्या पारी दुसरं काय बोलायचं, मला न्हाई येत." मग पुन्हा राखेकडे वळून म्हणाले, "तू व्हय म्हनलीस की बरं वाटायचं."

खरंच की. स्वयंपाकघरातून हे मी दर वर्षी ऐकलं होतं, आणि विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकावा तितकंच ऐकलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी चहा दिला. आबा बशी धरून बसले. विचारायला आता काही उरलं नव्हतं. नवरा कप घेऊन शेजारी टेकला. रोजचा प्रश्न नसलेला तो चहा मला सोसेना.

"आबा, बी काढून ठेवलंय ना?" मीच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

मीही घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. शी! चहा कडू होता. साखरच नव्हती त्यात.

"अहो, साखर विसरले मी! कोणी बोलत कसं नाही? किती दिवस चाललंय हे?"

नवऱ्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"पौषापासनं," आबा म्हणाले.

तेव्हा मला रडू आलं. रडतच उठले आणि साखरेचा डबा शोधायला लागले.