सोंगट्यांचे रंग

माझा थोरला भाऊ मोहोपाड्याला रंगाच्या कारखान्यात होता. त्याचं काम शेड जुळवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्यासारखाच रंग डब्यात उतरलाय की नाही ते पाहायचं. या कामाने त्याची नजर सुधारली आणि स्वभाव बिघडला, असं माझं मत आहे. लग्नाला गेला की नवरीचा शालू आणि तिचं पोलकं एका रंगाचं नाही, एवढंच त्याला दिसायचं. जेवायला बसला की वरणाकडे बघून म्हणायचा, "आज पिवळ्यात तांबडं जरा जास्त पडलंय." आई म्हणायची, "मग नको जेवूस." तो जेवायचा.

आमचं गाव खालापूरच्या बाजूला. वडील कर्जतच्या भातगिरणीतून निवृत्त होऊन घरी बसले होते; घरी बसले म्हणजे ओटीवर सारीपाट मांडून बसले. समोर शेजारचे काका. त्यांची भातशेती आमच्या कुंपणाला लागून, आणि दुपारचं जेवण झालं की शेत सोडून ते आमच्याकडे. मी ओटीच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रावर लोकांची पोलकी शिवत असे, त्यामुळे दोघांची भांडणं मला रोज फुकटात ऐकायला मिळत.

पट फुलीच्या आकाराचा, कापडी. सहा कवड्या टाकायच्या आणि जे दान पडेल तितकी घरं सोंगटी चालवायची. सोंगट्या सोळा, चार रंगांच्या. खेळणारे दोघेच, म्हणून प्रत्येकाकडे दोन रंग: वडिलांकडे पिवळा नि काळा, काकांकडे तांबडा नि हिरवा. समोरच्याची सोंगटी आपल्या सोंगटीखाली सापडली की ती मेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे सगळा खेळ रंगावर.

वडिलांची नजर कमी होत चालली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती कमी, ते कोणालाच नाही. एकदा ते एकटेच पनवेलला डॉक्टरकडे जाऊन आले आणि "नंबर वाढलाय" एवढंच बोलले. जास्त विचारण्याची सोय नव्हती. गावात एका म्हाताऱ्यांच्या पडवीत पूर्वी हा पट बसायचा. त्यांचे डोळे गेले तेव्हा बाकीचे म्हणू लागले, "तुमी दान टाका, चालवतो आमी." मग काही दिवसांनी त्यांचं दानही दुसरेच टाकू लागले, आणि म्हातारे भिंतीला टेकून नुसते आवाज ऐकत बसू लागले. तिथून आल्यावर वडील आईला म्हणाले होते, "त्याला खेळवीत नव्हते, सांभाळीत होते. माझं तसं झालं तर पट चुलीत घाल." ते गमतीने बोलत नव्हते.

सोंगट्या जुन्या, लाकडी, कातारी कामाच्या, लाखेच्या रंगाच्या. वर्षानुवर्षं हाताळून पिवळ्यांची लाख पार निघून गेली होती, तांबड्यांना तडे गेले होते, हिरव्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. काळ्या तेवढ्या गुळगुळीत राहिल्या. दादाला हे बघवत नसे. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्याने ठरवलं की बाबांना स्पष्ट दिसतील असे रंग द्यायचे.

तो रंग नुसते द्यायला बसला असता तर काम दोन दिवसांत झालं असतं. पण तो आधी निवडायला बसला. कारखान्यातून शेडकार्ड आणलं, शिळफाट्याहून ब्रश आणि काचपेपर आणला. आईची टवका उडालेली बशी रंग कालवायला घेतली. प्लायवूडच्या पट्टीवर चार पिवळे, पाच तांबडे, सहा हिरवे असे ठिपके काढून ती पट्टी तो कधी अंगणात, कधी ओटीवर, कधी दाराआड धरून बघे. मी म्हटलं, "बल्बखाली धरून बघ की." तर म्हणाला, "दिव्याखाली रंग निवडणारा आणि अंधारात नवरी निवडणारा, दोघं सारखेच." त्याचं अजून लग्न व्हायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

शेवटी झेंडूसारखा पिवळा, ताजा तांबडा, पोपटी हिरवा आणि कोळशासारखा काळा ठरला. मग त्याने प्रत्येक सोंगटी घासली, तड्यांत आणि कुरतडलेल्या जागी लांबीचं लुकण भरलं, पुन्हा घासली, आणि ऑईलपेंटचे दोन हात दिले. त्याच्या कारखान्यात रंगात एक कण सापडला तरी अख्खा घाणा बाद होई. तोच हिशोब त्याने घरी लावला. फळीवर खिळे ठोकून त्यावर सोंगट्या सुकत ठेवल्या तेव्हा खरंच बघत राहावंसं वाटत होतं. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मी तो बोलून दाखवला नाही.

पाडव्याला नव्या सोंगट्या पटावर आल्या. काका म्हणाले, "वा रं वा! ह्यांना तर देव्हाऱ्यात ठेवाया पायजे." खेळ सुरू झाला. वडिलांनी दान टाकलं, नेहमीप्रमाणे कवड्यांवरून तळवा फिरवला आणि बरोबर आकडा सांगितला. मग सोंगटी उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. बोटं एका सोंगटीवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली, पुन्हा पहिलीवर आली. त्यांनी एक उचलली आणि पाच घरं चालवली. ती काकांची तांबडी होती.

कोणी काही बोललं नाही. काकांनी पटाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. वडिलांना त्या शांततेवरूनच कळलं असावं. "आज डोकं दुखतंय," म्हणाले आणि उठून आत गेले. उंबऱ्याला अडखळले नाहीत, कारण घर त्यांना पाठ होतं.

तेव्हा मला उलगडलं. वडील कधीपासून डोळ्यांनी खेळतच नव्हते. खडबडीत ती पिवळी, तडे ती तांबडी, कुरतडलेली ती हिरवी, गुळगुळीत ती काळी. आयुष्यभर गिरणीत तांदूळ बोटांत चोळून पारखलेला माणूस, त्याला एवढं जड नव्हतं. दादाने सोळाच्या सोळा सोंगट्या एकसारख्या गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ब्रश पुसत बसला. ब्रश स्वच्छच होता.

पुढे काका दोनदा येऊन गेले. वडील एकदा पोटाचं कारण सांगून आतच राहिले आणि दुसऱ्यांदा झोपेचं सोंग घेतलं. पट गुंडाळून फडताळावर गेला. दुपारी ओटीवर फक्त माझं यंत्र वाजायचं आणि मला त्याची चीड यायची.

मग एका रविवारी दादाने वडिलांना मागच्या अंगणात बोलावलं आणि त्यांच्या हातात प्लायवूडची एक नवी पट्टी दिली. या वेळीही त्याने ठिपके काढले होते, पण रंग सगळा एकच, उरलेला काळा. एका ठिपक्यात नदीची चाळलेली रेती होती, एकात भुसा, एकात रवा, एकात माझ्याकडचा दोरा रंगाखाली गुंडाळून चिकटवलेला. एक साधा. दादा म्हणाला, "बाबा, निवडा." वडिलांना राग येईल असं मला वाटलं होतं. ते पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "रेती आणि रवा एकच लागतात. भुसा नको, झडंल. रवा काढ, मुंग्या येतील." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "डाव्या डोळ्यात कायच नाय. उजव्यात उजेड येतो, बस. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत नाय म्हणाला डॉक्टर." दादाने फक्त विचारलं, "मग चौथ्या रंगाला जाडी रेती घालू?" वडील म्हणाले, "घाल."

असं ठरलं: काळी साधी, पिवळी बारीक रेतीची, तांबडी जाड्या रेतीची, हिरवीच्या मानेला दोरा. रंग तेच राहिले, कारण ते काकांसाठी लागणार होते. स्वतःच निवडलेल्या तुळतुळीत रंगात दादा चिमटीने रेती टाकत होता तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही.

सोंगट्या वाळल्यावर आईने काकांना निरोप दिला. ते आले, बसले, आणि पट मांडायच्या आधीच त्यांनी एक तांबडी उचलून अंगठ्याने घासली. "आं? ह्ये काय रं? रंगात खडे?" त्यांच्या मागे त्यांचे दोन पाहुणेही ओटीवर येऊन बसले होते, नेरळचे. सगळे सोंगट्या हातात घेऊन बघू लागले. एक जण म्हणाला, "रंगाच्या कारखान्यात काम करतो ना हा?"

वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आता कोणीतरी विचारणार, मग कोणीतरी सांगणार, आणि मग "तुमी दान टाका, चालवतो आमी." दादा दाराशी उभा होता. वडील त्याच्या बाजूला तोंड करून हसले आणि काकांना म्हणाले, "अरं, पोराचा हात नाय बसला अजून. शिकल हळूहळू."

पाहुणे हसले. मी यंत्रावरचा पाय काढला.

दादा पुढे झाला, काकांच्या हातातून ती तांबडी सोंगटी घेतली, उजेडाकडे धरून नीट पाहिली. "हो काका," तो म्हणाला, "रंग गाळायचाच राहिला माझा." आणि त्याने ती सोंगटी वडिलांच्या समोर पटावर ठेवली.