नवीन काय केलंत?

मोहालीतल्या आमच्या कंपनीत देशभरच्या शाळांना खेळाचं साहित्य पुरवणाऱ्या कारखान्यांची यादी बनते. यादीत आलात तर शाळा तुमचा माल घेतात, नाहीतर नाही. अर्जांना गुण द्यायचं काम माझं. ‘नवीन काय केलंत?’ हा रकानाही मीच काढलेला. त्यात काही नसलं की अर्ज बाद.

जालंधरवाल्यांना हा रकाना कधीच जड गेला नाही. बॅटच्या मुठीचा रंग बदलला तरी पानभर लिहितात, वर फोटो. मेरठहून तपासणीचे कागद जोडून येतात. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे अर्ज मात्र एका ओळीत आटोपलेले.

गेल्या वर्षी त्यांत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अर्ज होता. मिरजेत ते मल्लखांब बनवतात. रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विशेष काही नाही.’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मल्लखांब जमिनीत पुरतात. पटांगण नसलेल्या एका शाळेसाठी अण्णांनी त्याला लोखंडी पाया केला होता, चाकांवर ढकलत हॉलमध्ये नेता येईल असा. मी लगेच फोन लावला.

“अण्णा, तो पाया का नाही लिहिलात?”

“त्यात कसलं आलंय नवीन? पोरांची अडचण होती, सोय करून दिली.”

“तेच लिहायचं असतं हो. यादीत नाही आलात तर शाळा हातच्या जातील.”

“म्हणून आता स्वतःची टिमकी वाजवत बसू? आणि तूही तिथं बसून खाडाखोड करू नकोस.”

नाही केली. मुदत संपली, अर्ज बाद झाला. पंचकुल्याला घरी आले, कुकर लावला, जेवले. रडू यायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

त्याच ढिगात जालंधरचा एक अर्ज निघाला: मल्लखांबाला चाकांचा लोखंडी पाया. चोरी म्हणवत नाही, अडचण तिकडच्या मुलांचीही तीच असणार. त्यांनी लिहिलं, अण्णांनी नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला. त्यांनी ज्या शाळेला पहिला पाया करून दिला, तिथंच जालंधरचा मल्लखांब आला होता. ते मुद्दाम जाऊन बघून आले होते. वाटलं, आता मला बोलतील.

“काम चांगलंय त्यांचं,” ते म्हणाले. “फक्त चाकांचे बोल्ट बाहेर आलेत. पोरांच्या पायाला लागतील. कळव त्यांना.”

“तुमचं नाव सांगू?”

“माझं कशाला मध्ये?”

मी कळवलं. “हां जी, पक्का,” पलीकडचा माणूस म्हणाला.

यंदाच्या अर्जात त्यांनी आत घेतलेल्या बोल्टांचा फोटो जोडलाय, आमचं नवीन संशोधन म्हणून. मी पूर्ण गुण भरले आणि पुढचा अर्ज उघडला. अण्णांचा यंदा आलाच नाही.