थ्रेस्याम्माची पूर्ण वाक्यं

माझी बायको थ्रेस्याम्मा आजारी पडण्यात फार पटाईत. मंगळवारी तिला मूतखडा व्हायचा, बुधवारी मधुमेह, आणि शुक्रवारी ती पाय मोडलेली चिडकी आयरिश म्हातारी असायची. केरळातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये गाडी नव्हतीच. तिथे बाकांवर दहा-बारा मुली बसायच्या आणि एकेक करून तिला इंग्रजीतून धीर द्यायच्या. सगळ्या शिकलेल्या नर्स. परदेशी जायचं तर इंग्रजीची परीक्षा, आणि परीक्षेत खोट्या पेशंटशी पाच मिनिटं बोलून दाखवायचं. त्या खोट्या पेशंटची तालीम आमच्याकडे.

मी देवस्या, निवृत्त बस कंडक्टर. माझं इंग्रजी तिकिटापुरतं, म्हणून मला शिटीचं काम. बसमध्ये दोन शिट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा; इथे दोन मारल्या की बायको आजारी, एक मारली की बरी. असा अधिकार फार थोड्या नवऱ्यांना मिळतो.

थ्रेस्याम्माने उमेदीची वर्षं कुवेतच्या इस्पितळात काढली. आजारी माणसाच्या कानात मोठा शब्द शिरत नाही, हे ती तिथे शिकली. म्हणून क्लासचा नियम असा, की शब्दाचा अर्थ शब्दापेक्षा सोपा पाहिजे.

"'रिलेटिव्ह' म्हणजे?" ती विचारायची आणि स्वतःच सांगायची, "जो पेशंटसाठी सफरचंदं आणतो आणि बसून स्वतःच खातो. 'नेबर' म्हणजे ज्याला आपला निकाल आपल्याआधी कळतो. 'टायर्ड' म्हणजे चप्पल काढायचाही कंटाळा. आता 'पेन' सांगा. लिहिण्याचं नव्हे, दुखण्याचं."

एल्ना ही क्लासमधली सगळ्यात हुशार मुलगी. ती उठली आणि पाठ केलेलं लांबलचक काहीतरी म्हणाली.

"अगं बाई, एवढं ऐकेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल! दुखत असलं की माणसाला पूर्ण वाक्य बोलवत नाही, ते पेन. लिहून घ्या."

मी मनात म्हटलं, या हिशेबाने आमच्या घरात लग्नापासून कुणाला काही दुखलेलंच नाही.

दुसरा नियम मल्याळमचा. जिच्या तोंडून मल्याळम शब्द निघेल, तिने आमच्या सांबाराचे छोटे कांदे सोलायचे. या नियमाला माझा मनापासून पाठिंबा होता. कांद्यांचा मुख्य भार जोस्मीवर. ही पोर तीनदा नापास झालेली. घाबरली की मल्याळम बोलायची, आणि घाबरलेली तर ती कायमच. परीक्षेपायी तिने जेवढं रडून घेतलं, त्याहून जास्त आमच्या कांद्यांपायी.

त्या सकाळी पेशंटच्या छातीत दुखत होतं आणि तिला घरी जायचा हट्ट होता. नर्स एल्ना. मी दोन शिट्या मारल्या.

थ्रेस्याम्मा रंगात आली. घरी कोंबड्या उपाशी आहेत, नवरा बिनकामाचा आहे, असं कायकाय इंग्रजीतून ऐकवलं. 'हजबंड' तेवढा मला कळला, बाकीचं मुलींनी नंतर सांगितलं. मुली माझ्याकडे बघून हसत होत्या. मग मध्येच ती थांबली. हात छातीवर गेला, कपाळावर घाम आला. एल्ना गोड आवाजात म्हणाली, "तुमची काळजी मी समजू शकते."

"अच्चाया," घरात मला मारते तीच हाक मारून थ्रेस्याम्मा म्हणाली, "इथे..."

"टीचर, मल्याळम! टीचर, कांदे!" सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या.

मीही हसलो. पाच मिनिटं झाल्याशिवाय शिटी मारायची नाही, असा तिचाच दम होता. पोर्चमध्ये डिग्रीवाल्या डझनभर नर्स, आणि सगळ्या माझ्या बायकोच्या अभिनयाला दाद देत होत्या.

कोपऱ्यात कांदे सोलणारी जोस्मी सुरी टाकून उठली. "गप्प बसा गं! टीचर अर्धं बोलतायत!" तीही मल्याळममध्येच ओरडली.

"अजून वेळ संपली नाही," एल्ना म्हणाली.

"तुझी वेळ गेली खड्ड्यात! हो बाजूला!" जोस्मीने थ्रेस्याम्माला धरून बसवलं, कुणाला तरी दरडावून कपाटातली ॲस्पिरिनची गोळी आणवली, ती चावायला लावली. कुठे 'प्लीज' नाही की 'सॉरी' नाही. मग माझ्यावर खेकसली, "अंकल, बघताय काय? शिटी मारा!"

गेटसमोरून पालाई गावाकडे जाणारी बस चालली होती. तिथे थांबा नव्हता, पण मी एक शिटी मारली, आणि शिटी ऐकली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातोच. आम्ही तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि मी दोन शिट्या मारल्या. बस इस्पितळाच्या दारातच थांबली.

ती वाचली. आमची मुलगी आयर्लंडमध्ये हृदयरोगाच्याच वॉर्डात नर्स आहे. फोनच्या पडद्यावर ती रडत होती. "अम्मा, मी इथे रोज दुसऱ्यांच्या आया सांभाळते गं."

"मग नीट सांभाळ," थ्रेस्याम्मा म्हणाली. "त्यांच्याही मुली कुठेतरी लांबच असतील."

जोस्मी पलंगाशी उभी होती. तिला थ्रेस्याम्माने तिथेच गुण दिले. "पेशंटशी विनयाने बोलणं, शून्य. इंग्रजी, शून्य. परीक्षेत अशी ओरडलीस तर चौथ्यांदा नापास होशील. घरी गेल्यावर कांदे सोल."

त्यानंतर मी रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून जे मागितलं, ते पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. देवा, या पोरीला नापास कर, असं मागितलं. अख्ख्या गावात घराघरात नर्स जन्मतात, पण घरी एकही राहत नाही. ही एक तरी राहू दे. आणि इकडे थ्रेस्याम्मा छातीवर हात ठेवून तिलाच रोज जास्तीचा तास शिकवत होती. देवाने दोघांचं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे तिचं मानलं.

जोस्मी पास होऊन परदेशी निघाली तेव्हा थ्रेस्याम्माला मिठी मारून रडली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंकल, त्या जोवर पूर्ण वाक्यात भांडतायत, तोवर घाबरू नका."

तेव्हापासून मी अभ्यासाला लागलोय. आज सकाळी मी दुधाचं भांडं उघडं ठेवलं म्हणून थ्रेस्याम्माने माझ्या सात पिढ्या काढल्या, माझ्या आईपासून सुरुवात करून. एक वाक्य अर्धं सोडलं नाही. मी निवांत चहा प्यायलो.

संध्याकाळी ती पोर्चमध्ये रिकाम्या बाकावर बसली होती. क्लासला सुट्टी होती. मी विचारलं, "जोस्मीचा फोन आला का गं?"

"नाही," ती म्हणाली.

पुढे पूर्ण वाक्य येईल म्हणून मी थांबलो. काहीच आलं नाही. मी आत जाऊन शिटी शोधून आणली आणि तिच्या शेजारी बसलो.