विहीणबाई मागणी घालायला आल्या

देवावर विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, सरकारवर विश्वास ठेवणारीही एकदोन पाहिली, पण टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेवर उरलेलं सगळं आयुष्य टाकून मोकळी झालेली बाई मी एकच पाहिली. ती म्हणजे माझ्या ताईची सासू. आमच्या घरात त्यांना सगळेच ‘विहीणबाई’ म्हणतात. खरं तर त्या फक्त माझ्या आईच्या विहीणबाई; पण ताईच्या लग्नात त्यांनी अशी काही जरब बसवली की ते नातं आम्हा सगळ्यांनाच चिकटलं. जिलबी गार आहे म्हणून त्या पंगतीतून उठल्या होत्या आणि माझे वडील गरम जिलबीचं ताट घेऊन मांडवभर त्यांच्या मागून फिरले होते. तेव्हापासून आई त्यांच्याशी फोनवरसुद्धा उभी राहून बोलायची. त्यात मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. आता कोणी पाळत नाही, पण आई पाळायची. बंदराजवळच्या नव्या वसाहतीत, द्रोणागिरीला, ताईकडे जायचं म्हटलं की बेलापूरहून निघतानाच ती आपली स्टीलची बाटली भरून घ्यायची. तिथे सोफ्याच्या कडेवर अवघडून बसायची, पिशवीतून बाटली काढून दोन घोट घ्यायची आणि झाकण घट्ट लावून परत ठेवायची. विहीणबाईंनाही ते अगदी रीतीला धरून वाटायचं.

पुढे काही वर्षांच्या अंतराने त्यांचे यजमान गेले, माझे वडील गेले, मेहुण्यांची बदली झाली आणि ते ताईला घेऊन पुण्याला गेले. विहीणबाईंनी मात्र द्रोणागिरीचा फ्लॅट सोडायला साफ नकार दिला. मेहुण्यांनी समजावलं, ताईने विनवलं. ‘‘ह्या घराच्या लादीसाठी मी दुकानदाराशी तीनदा भांडलेय, ती सोडून जाऊ?’’ एवढंच त्यांचं उत्तर. पण निम्म्या इमारती रिकाम्या, संध्याकाळी वारा सुटला की मजल्या-मजल्यावर दारं वाजतात, आणि लांबवर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची घरघर. अशा घरात एकटीने जेवायला बसायचं म्हणजे कठीणच. अशाच एका संध्याकाळी साडेआठला त्यांनी टीव्ही लावला आणि त्यांना ती मालिका भेटली.

मालिकेत साठी ओलांडलेल्या तीन बायका एका घरात राहायच्या. एकीने जन्मभर पिठाची गिरणी चालवलेली, एक निवृत्त हेडबाई आणि एक बिनलग्नाची नर्स. टीव्हीवरची म्हातारी बाई एकतर देवघरात असते नाहीतर कारस्थानात, अशी आपली समजूत. ह्या तिघी चक्क मजेत होत्या. भांडायच्या, चापून खायच्या, गुडघ्यांना आणि मुलांना सारख्याच शिव्या द्यायच्या, आणि गिरणीवालीला तर एक पेन्शनर गृहस्थ आवडायचेही. ‘‘शोभतं का हे ह्या वयात?’’ असं आमच्या ऑफिसातले लोक म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा भाग बघून यायचे. विहीणबाईंना मात्र ती मालिका वाटलीच नाही. त्यांना ते शेजार वाटलं. साडेआठ ते नऊ त्या फोन उचलत नसत. बोलण्याची सुरुवातच ‘‘काल हेडबाई म्हणाल्या’’ अशी व्हायची. मेहुण्यांनी एकदा डॉक्टर बदलायचं सुचवलं, तर ‘‘बघू, नर्स काय म्हणते,’’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पुण्यात बसलेल्या मेहुण्यांना वाटलं, आईने घरी नर्स ठेवली. ते चांगले आठवडाभर निर्धास्त होते.

मालिकेत जे व्हायचं ते थोड्याच दिवसांत द्रोणागिरीत व्हायचं. गिरणीवाली स्कूटर शिकली, की विहीणबाईंनी विजेवरची स्कूटर घेतली. तिकडचे रस्ते रुंद आणि रिकामे, त्यामुळे शिकताना त्यांच्या वाटेत फक्त गाई आणि ट्रेलर यायचे. एका ट्रेलरवाल्याला त्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कडेला घेतलं, खाली उतरवलं आणि ‘‘घरी आई आहे ना तुझ्या?’’ असं विचारून त्याला चिकी दिली. हेडबाईंनी वैधव्यात गजरा माळला, की विहीणबाई आमच्या चुलत पुतणीच्या बारशाला गजरा, मोठं कुंकू आणि लिपस्टिक लावून हजर. एक वयस्कर आत्या कुजबुजल्या. विहीणबाई पाळण्याची दोरी न सोडता म्हणाल्या, ‘‘आत्याबाई, कपाळ माझं आहे. त्यात तुमचा हिस्सा असेल तर सांगा, तेवढं पुसते.’’ आत्याबाईंनी पुढे घुगऱ्या खाल्ल्या आणि जाताना लिपस्टिक कुठल्या दुकानातली ते हळूच विचारून गेल्या.

पण खरी कमाल त्यांनी हळदीकुंकवाला केली. स्वतः विधवा असून त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि झाडून सगळ्या विधवांना आमंत्रण दिलं. वडील गेल्यापासून आई कुठल्याच हळदीकुंकवाला गेली नव्हती. विहीणबाई सोडून दुसऱ्या कोणी बोलावलं असतं तर गेलीही नसती. विहिणीचा शब्द मोडायचा नाही, म्हणून बाटली भरून गेली. पुढचं मला तिच्या सोबतीला गेलेल्या बायकोने सांगितलं. तिळगूळ वाटून झाल्यावर विहीणबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काल मालिकेत नर्स म्हणाली, तिला हसताना थेंब थेंब होतं. मलाही होतं. दोन वर्षं झाली, लाजेनं मी हसणंच कमी केलं होतं. आणखी कोणाला होतं? हात वर करा.’’ सगळ्या जणी हातातल्या तिळगुळाकडे बघू लागल्या. मग सोफ्याच्या कडेवरून एक हात वर झाला, माझ्या आईचा. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, आणि मग सगळ्या जणी इतक्या हसल्या, की न्हाणीघरापुढे रांग लागली. आई त्या दिवशी घरी आली ती गालातल्या गालात हसतच. मी कारण विचारलं, तर ‘‘बायकांचं आहे,’’ म्हणाली.

त्यानंतर महिनाभराने, रविवारी सकाळी आमच्या बेलापूरच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेल्या विहीणबाई, हातात श्रीफळ. आत येऊन त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. ज्या बाईने आयुष्यभर मधोमध बसायचं, ती कडेवर बसलेली पाहून मला धडकीच भरली.

‘‘मी मागणी घालायला आलेय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कोणासाठी?’’ मी विचारलं. माझी मुलगी तर हॉस्टेलवर शिकतेय.

‘‘तुमच्या आईला. माझ्याकडे राहायला. तुम्ही ताईचं स्थळ घेऊन आलात तेव्हा मी तुम्हाला तासभर प्रश्न विचारले होते ना? आज तुम्ही विचारा. मी पोह्यांना नावं ठेवणार नाही.’’ आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरू केलं. ‘‘फ्लॅट स्वतःचा, पेन्शन चालू. स्वयंपाक येतो, शिवण येत नाही. स्वभाव तापट. घोरते.’’

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. आई दुसरीकडे राहायला गेली, तर लोक काय म्हणतील? मुलाला आई जड झाली, असंच ना? मी तसं बोलूनही दाखवलं.

‘‘लोक म्हणतील ते म्हणू देत. तू सकाळी आठला जातोस, सूनबाई साडेआठला. दिवसभर ही कोणाशी बोलते, ठाऊक आहे? कुकरशी. मला फोनवर ऐकू येतं. शिट्टी झाली, की ही म्हणते, ‘हो गं, आले.’ आणि मी तिकडे टीव्हीतल्या बायकांशी बोलते. दोन फोन, दोन कुकर आणि दोन वेड्या म्हाताऱ्या. त्या तिघींना सुचलं ते आपल्याला सुचू नये?’’

मी आईकडे पाहिलं. ती उभीच होती, पदर सावरत. हळू आवाजात म्हणाली, ‘‘विहीणबाई, पण मुलीच्या घरचं पाणी...’’

‘‘फ्लॅट माझ्या नावावर आहे. तुमची मुलगी पुण्याला राहते. विहिणीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं कोणी सांगितलंय?’’

 आई पुढे आली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, आयुष्यात पहिल्यांदा, टेकून बसली.

‘‘एकच विचारते,’’ ती म्हणाली. ‘‘जिलबी गार चालेल का?’’

विहीणबाईंचा चेहरा उतरला. हातातला नारळ उगाच फिरवत त्या म्हणाल्या, ‘‘ती गरमच होती हो. माझा सासूपणाचा पहिला दिवस होता. माझ्या सासूने केलं होतं तेच करायचं असतं, असं वाटलं मला.’’ मग दोघीही रडल्या, आणि माझ्या बायकोने पोहे टाकले.

एवढं झाल्यावर अडवलं ते द्रोणागिरीच्या सोसायटीने. मी आईला सामानासकट घेऊन गेलो, विहीणबाई घ्यायला खाली आल्या होत्या, तर गेटवरच तरुण सेक्रेटरी आडवा आला. ‘‘काकू, रूल म्हंजे रूल. ओन्ली फॅमिली अलाउड हाय. बॅचलर नाय चालत. ह्या तुमच्या कोन?’’

‘‘विहीण.’’

‘‘विहीन फॅमिलीत येते का, ते कमिटीला विचाराया लागल. उद्या पार्ट्या झाल्या, तर टेन्शन आमाला.’’

विहीणबाई म्हणाल्या, ‘‘पार्ट्या होणार. तुला बोलावू.’’ झालं, तो आणखीच बिथरला. पण तेवढ्यात त्याची आई, जवळच्या जासई गावाहून त्याच्याकडे राहायला आलेली, भाजीची पिशवी घेऊन तिथे पोचली. तिने लेकाला बाजूला केलं. ‘‘आरं, रूल काय सांगतंस? तू कवा चार घटका माज्याशी बसून बोललास? ह्या दोगी बोलतील तरी एकमेकींशी. ऱ्हाऊ दे त्यांना.’’ आणि आईकडे वळून, ‘‘बाय, साडेआठला मी पन येते हां. आमच्या घरात मॅच लावतान.’’ सेक्रेटरीने खाली मान घालून आईची बॅग स्वतः लिफ्टमध्ये ठेवली.

वर गेल्यावर विहीणबाईंनी तांब्याभांडं पुढे केलं. आईचा हात सवयीने पिशवीकडे गेला, थांबला, आणि मग तिने ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मालिका आता बंद झाली आहे. जाहिराती मिळेनात म्हणे. शेवटच्या भागाच्या दिवशी विहीणबाईंनी चूल पेटवली नाही, बाहेरून पावभाजी मागवली आणि नऊला टीव्ही बंद करून म्हणाल्या, ‘‘त्यांचं संपलं, आपलं चालू द्या.’’ आता साडेआठला दोघी, आणि कधीकधी तिसऱ्या जासईच्या बाई, गॅलरीत बसून भांडतात. आईने दोन महिन्यांपूर्वी लिपस्टिक लावली. रंग मला आवडला नाही, पण मला कोणी विचारलंही नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, पुढेमागे एकीला काही झालं तर? विहीणबाईंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं, ‘‘ठरलंय आमचं. मागे राहील तिने नवी विहीण शोधायची. दार लावून बसायचं नाही.’’ आई सोललेले दाणे त्यांच्या वाटीत टाकत राहिली.

मी दर रविवारी जातो. आई माझ्याकडे नाही, ह्याचं वाईट वाटतंच. आमच्या घरी कुकरची शिट्टी होते आणि कोणी ‘‘आले’’ म्हणत नाही. पण ती तिथे जशी मोठ्याने हसते, तशी मी तिला माझ्या लहानपणीही हसताना ऐकलेली नाही. निघताना ती दारापर्यंत येते, ‘‘पोचलास की फोन कर, साडेआठला मात्र नको,’’ म्हणते आणि तीच जुनी स्टीलची बाटली भरून माझ्या हातात देते. जासईपाशी ट्रेलरच्या रांगेत गाडी अडकली, की मी झाकण उघडतो आणि बहिणीच्या सासरचं पाणी पितो. गार असतं, चांगलं असतं.