खिडकीला बांधलेलं छप्पर

कल्याणच्या बाजारात आमचं तांदळाचं दुकान, आणि दुकानावरच बिऱ्हाड. दुकानापुढे रस्त्यावर आलेलं कौलारू छप्पर होतं, खाली दोन खांबांवर उभं. त्याच्या पुढच्या वाशाला मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोठ्या हौसेनं सागवानी पाटी लावली होती. इतकी जड, की चढवायला हमाल बोलवावे लागले.

मग म्युनिसिपालिटीचा नियम आला. रस्त्यात खांब नकोत. छप्पर भिंतीत पुरलेल्या लोखंडी ब्रॅकेटांवर हवं, आणि जड पाटी भिंतीलाच. आता यात वाईट काय होतं, सांगा! पण मामंजी म्हणाले, "घर माझं, छप्पर माझं, हे कोण सांगणारे?" साऱ्या बाजाराचं तेच म्हणणं. मग सगळ्यांनी मिळून युक्ती काढली. खांब दगडाच्या खोबणीत नुसते उभे ठेवायचे. तपासायला येणारा म्युनिसिपालिटीचा ओव्हरसिअर नाक्यावर दिसला की हाळी यायची, नोकर खांब उपसून आत टाकायचे, आणि तो जाईपर्यंत छप्पर वरून दोरानं तोलून धरायचं. आमचा दोर माझ्या खिडकीच्या चौकटीला बांधलेला. ओव्हरसिअर गेला की सगळे पोट धरून हसायचे. मला मेलीला हसू येत नसे, कारण ती चौकट कशी कण्हते ते मलाच ऐकू यायचं.

मी बोलले नाही असं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात नाक खुपसू नकोस." इकडच्या स्वारीला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, तर उत्तर मिळालं, "बाबांपुढे कोण बोलणार?" आग लागो त्या भिडेला! खांब उपसले की मी चिरत असलेली भाजी तशीच टाकून खिडकीशी येऊन बसायची. भिंतीतला चुना भुगा होऊन माझ्या पदरावर पडायचा. दर खेपेला जरा जास्तच.

एक दिवस ओव्हरसिअर शेजारच्या दुकानापाशी गप्पा मारत उभा राहिला, हलेचना. खांब आत. खाली ओट्यावर, त्या पाटीच्या बरोबर खाली, इकडची स्वारी तराजू घेऊन बसलेली. आणि माझ्यासमोर चौकट भिंतीतून सुटायला लागली. फट वाढताना दिसत होती. मी दोर धरला, तर तळहात सोलून निघाले.

"अहो!" मी ओरडले.

रस्त्यातल्या चारपाच पुरुषांनी वर पाहिलं. ज्यांनी पाहायचं, त्यांनी नाही. आपली बायको भर बाजारात हाक मारील हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. कुणाची तरी निर्लज्ज बायको असेल म्हणून त्यांनी मान आणखी खाली घातली.

मग मी नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तेव्हाच. नुसतं नाव, बेंबीच्या देठापासून. सगळा बाजार माना वर करून बघायला लागला. ते लालबुंद होऊन उठले आणि मला दटावायला तरातरा रस्त्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे चौकट, छप्पर, कौलं, पाटी, सगळं ओट्यावर कोसळलं. तराजूचा पार चेंदामेंदा झाला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव घेतलंस. माझ्या लेकाचं आयुष्य कमी केलंस."

"आधी खाली जाऊन ओटा बघून या," मी म्हटलं, "मग बोला."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. मला वाटलं, आता तरी ब्रॅकेट बसतील. कसलं काय! तीच पाटी, तेच खोबणीतले खांब, आणि चौकट पुन्हा बसवून दोर माझ्याच खिडकीला. दोराचं खालचं टोक खुद्द इकडच्या हातात होतं, मान खाली. माझं डोकंच फिरलं. मी विळी पुढे ओढली आणि सगळ्यांदेखत दोर तिच्यावर धरून कापला.

"सूनबाई!" मामंजी खालून गरजले.

"पुन्हा दोर बांधलात," मी खिडकीतून म्हटलं, "तर मी रोज नाव घेईन. इथूनच."

मामंजींनी वर पाहिलं, मग बाजाराकडे पाहिलं. आणि लोहाराकडे माणूस धाडला.